अरुंद रूळ आणि रुंद घोषणा

संगणक अथवा मोबाइल सुरू होताच त्याचा सारा कारभार हाती घेणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती स्वदेशी असावी ही आकांक्षा उचितच आहे. परंतु बारशाच्या दिवशीच बाळाच्या दिग्विजयाचे पोवाडे गाण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे, तिचे काय करावे?

२००७ साली, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ ही प्रणाली आणली. विंडोजचे दिवस भरल्याची द्वाही तेव्हापासून अधूनमधून फिरत आहे. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या अंगणात ‘भारओएस’ अवतरली. दोन केंद्रीय मंत्र्यांनी तिची चाचणी घेतली; देशातील १०० कोटी मोबाइलधारकांचे हित साधले जाणार असल्याचे जाहीर झाले. गुगल आणि अ‍ॅपल यांची सिंहासने डळमळल्याचा भास काही दिवस झाला. सिंहासने मात्र जागची हलली नाहीत.

या प्रणालींची वंशावळही पाहण्यासारखी आहे. ‘बॉस’ उभी आहे डेबियनवर, डेबियन लिनक्सवर. आणि लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. ‘भारओएस’चा पाया म्हणजे गुगलनेच खुली ठेवलेली अँड्रॉइडची संहिता. सर्वांसाठी मोकळ्या असलेल्या विहिरीचे पाणी शेंदण्यात कमीपणा कसला? ती विहीर आपणच खणली असे सांगत फिरणे तेवढे हास्यास्पद.

धाराशिव जिल्ह्याला या विषयातला धडा परका नसावा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली धावू लागली आणि पुढे येडशीमार्गे लातूरला पोहोचली. अडीच फुटी रुळांवरील ती रेल्वे तांत्रिकदृष्ट्या उत्तम होती. जगभरच्या अभियंत्यांत तिचा लौकिक होता. तरीही तिचे डबे साडेपाच फुटी मुख्य मार्गावर जाऊ शकत नसत. कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. अखेर २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला. रुळाचे मोल केवळ त्याच्या पोलादात नसते. तो किती गावांना जोडतो यात असते.

ऑपरेटिंग सिस्टिमचे अर्थशास्त्र हेच आहे. प्रोग्रॅम लिहिणारे जेथे ग्राहक तेथे जातात आणि ग्राहक जेथे प्रोग्रॅम तेथे. हे चक्र फीत कापून उलटे फिरत नाही. कळंबच्या कारकुनाचा प्रश्न साधा आहे: जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी पत्र वरिष्ठ कार्यालयाच्या संगणकावर उघडते की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते? परंड्याच्या शिक्षकाला जाणून घ्यायचे असते, की यंत्र अडले तर दुरुस्तीला कोण येणार? या प्रश्नांना राष्ट्राभिमान हे उत्तर नव्हे.

उत्तर देता येते, हे केरळने दाखवले आहे. तेथे सरकारी शाळांसाठी मुक्त प्रणाली स्वीकारताना आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यक्रम तिच्याशी जुळवला. २०१९ साली निघालेली तिची नवी आवृत्ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी होती. परवान्यांवरचा खर्च वाचला आणि मुलांना यंत्राच्या आत डोकावण्याची मुभा मिळाली. या कामाला लागली ती वर्षानुवर्षांची चिकाटी.

लहान प्रणालींना मर्यादित क्षेत्रात निश्चित स्थान आहे. जेथे गुप्ततेची निकड आहे अशा कार्यालयांत त्या अवश्य वापराव्यात. पण त्यांचा खरा घात टीकाकार करत नाहीत, भाट करतात. अतिरंजित आश्वासन फसले की प्रामाणिक अभियंत्याचे कामही थट्टेचा विषय होते आणि पुढच्या खऱ्या प्रयत्नावर कोणी विश्वास ठेवत नाही.

बार्शी लाइटने पिढ्यान् पिढ्या वारकऱ्यांना पंढरपूरला पोहोचवले. आपण मुंबईची मेल आहोत, असा दावा तिने कधी केला नाही. म्हणूनच ती आजही आदराने आठवली जाते.