स्टेपनी ही शोभा नव्हे

१/ जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात मडगार्डच्या खळग्यांत बसवलेली दोन जादा चाके दिसली की प्रेक्षक राजेशाही थाटाचे कौतुक करतात. तो थाट पुष्कळदा मागाहून चढवलेला असतो.

२/ जादा चाक थाटातून नव्हे, गरजेतून आले. आरंभीच्या मोटारींत ते नसेच. पंक्चर रस्त्यातच काढावे लागे. १९०४ मध्ये वेल्समधील डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरसह बिनआऱ्यांची रिम बनवली. ती पंक्चर चाकालाच जखडली जाई. त्यांच्या गावातील स्टेपनी स्ट्रीटच्या नावावरून ‘स्टेपनी’ हा शब्द मराठीतही रुजला.

३/ फोर्ड मॉडेल ए (१९२८–३१) या मोटारीच्या बहुतेक साध्या नमुन्यांवर जादा चाक मागे असे. बाजूला चाक हवे तर खळग्याचे वेगळे मडगार्ड लागे. म्हणजे आज अशा गाडीला बाजूचे चाक ‘बसवणे’ म्हणजे तिचे मूळ मडगार्ड उतरवणे.

४/ मूळच्याच खळग्यातले चाक काढून, स्वच्छ करून पुन्हा बसवणे ही जपणूक. नसलेला खळगा आणणे ही बनवाबनवी. हौस जरूर करावी, पण अशा गाडीला ‘अस्सल’ म्हणू नये. साध्या माणसाने घेतलेल्या साध्या गाडीचा साधेपणा हाच इतिहासाचा पुरावा असतो. तो पुसला, तर भूतकाळात केवळ श्रीमंतच उरतात.