बंद घराची झाडलोट

चतुर्थी जवळ आली की पेडणे-डिचोलीकडील वर्षभर बंद राहिलेली घरे उघडतात. मुंबई-पुण्याहून आलेली माणसे दार लोटतात व उंबरठ्यावरच थबकतात. कौलांतून गळती, वाशांना वाळवी, राजांगणात माजलेले रान! आरंभ कुठून करावा हेच उमगत नाही.

आमचा अनुभव असा, की सारे घर एकदम हाती घेऊ नये. जिथे गणपती बसावयाचा व माटोळी बांधावयाची, तेवढी खोली आधी स्वच्छ करावी. तेथे दिवा लागला की उरलेल्या घराची धास्ती निम्मी होते.

माळ्यावरची दप्तरे मात्र घाईने जाळू नयेत. पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले; त्यामुळे जुने कागद मोडीतही सापडतात, पोर्तुगीजमध्येही. त्यांत एखादा जमिनीचा दस्त असावयाचा.

शिवाय गोव्यात वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. सासरी गेलेल्या बहिणीला विचारल्यावाचून काहीही विकू नये. आम्ही एकदा आईचा तांब्याचा हंडा परस्पर भंगारवाल्यास दिला. बहिणीचा अबोला दोन चतुर्थ्या टिकला. तिसऱ्या वर्षी आम्ही तिला आधी पत्र घातले. केरसुणी घेऊन तीच सर्वांआधी आली.