एकोप्याचे मंदिर कोणी बांधले?

गुणाला देवी केले की पूजा सोपी होते आणि आचरण बाजूला पडते. प्राचीन रोममध्ये एकोप्याची देवी होती कॉन्कॉर्डिया, स्वातंत्र्याची लिबर्टास, वचननिष्ठेची फिडेस. त्यांची मंदिरे होती, नाण्यांवर त्यांच्या प्रतिमा होत्या. आमचा प्रश्न एवढाच, की या देव्या कोणाच्या कामी आल्या?

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकसने सार्वजनिक जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा केला. सिनेटरांच्या जमावाने त्याला ठार मारले. इ.स.पू. १२१ मध्ये त्याचा भाऊ गायस याचाही बळी गेला. प्लुटार्क सांगतो, त्या वेळी ३,००० माणसे मेली, प्रेते टायबर नदीत फेकली गेली, बायकांना शोक करायलाही मनाई झाली. हे घडवणारा कॉन्सल ओपिमियस. त्यानेच मग फोरममध्ये कॉन्कॉर्डियाचे मंदिर उभारले! एका रात्री कोणीतरी शिलालेखाखाली लिहून ठेवले, की हे एकोप्याचे मंदिर फुटीच्या उन्मादातून उभे राहिले आहे. तो अनाम लिहिणारा आम्हाला आमचा वाटतो.

कोणी म्हणेल, लिबर्टास तरी गुलामांची होती. तिच्या मंदिरात इ.स.पू. २१४ च्या बेनेव्हेंटमच्या लढाईनंतर मुक्त झालेल्या गुलाम सैनिकांचे चित्र होते, हे खरे. पण त्यांना स्वातंत्र्य मिळाले ते मालकांच्या राज्यासाठी रक्त सांडल्यावर. स्वतःसाठी लढलेल्या स्पार्टाकसच्या ६,००० साथीदारांना इ.स.पू. ७१ मध्ये आपियन रस्त्याच्या कडेने सुळावर चढवले गेले.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात याच रोमचे उदाहरण दिले. प्लेबियनांना कॉन्सलपद मिळाले, पण निवडीला देवीची संमती लागे आणि ती संमती सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन असत. म्हणून निवडून येई तो प्लेबियन, पण पॅट्रिशियनांच्या मर्जीतला. हक्क हाती होता, पण तो वापरण्याची किल्ली देवीच्या नावाने दुसऱ्याकडे होती.

आज आम्हाला समतेऐवजी समरसता शिकवणाऱ्यांनी ओपिमियसचे मंदिर आठवावे. बंधुता आम्हालाही हवी आहे. पण ती समता आणि स्वातंत्र्य यांच्या सोबतीने येते, प्रेतांवर बांधलेल्या देवळातून नाही. एकोप्याचा उपदेश करणाऱ्याला आम्ही आधी विचारू: जमीन कोणाकडे आहे, आणि मेले कोण?

जय भीम!