घामाचा हिशेब

कांद्याचा भाव वाढला की आपण दलालाला, व्यापाऱ्याला आणि शेवटी सरकारला दोष देऊन मोकळे होतो. पण ज्याच्या पाठीवरून ते पोते ट्रकमध्ये चढले आणि बाजारात उतरले, तो हमाल आपल्या हिशेबात कधी येतच नाही. आज या अडत्याचा माल, उद्या त्या अडत्याचा. त्याला मालक पंचवीस, म्हणजे प्रत्यक्षात एकही नाही. मग आजारपण कोणाचे, अपघात कोणाचा आणि म्हातारपण कोणाचे? अर्थात, त्याचे एकट्याचे!

या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर आपल्यालाच विसरायला झाले आहे. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यातली कल्पना साधी आहे. मालक एक नसेल, तर मध्ये मंडळाने उभे राहावे. त्यावर कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असावेत. व्यापाऱ्याचीही नोंद व्हावी आणि हमालाचीही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरावी. त्यातून हमालाला पगार मिळावा. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि औषधपाणीही व्हावे. यात दानधर्म कुठेच नाही. मालाच्या उलाढालीतच कष्टाचा पूर्ण खर्च धरला, इतकेच.

हमाल पंचायतही केवळ मजुरीच्या दरावर थांबली नाही. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणण्यासाठी ती झगडली. १९७४ मध्ये तिने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली आणि श्रमिकांना परवडेल अशा दरात पोटभर जेवण दिले. पुढे १९९३ मध्ये पुण्यातच कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत झाली. उकिरड्यावर वाकणाऱ्या बायकांनी ओळखपत्र मिळवले आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला घेतला. काम तेच राहिले, पण ते करणाऱ्याची जागा बदलली.

या वाटेवर काटे नाहीत असे नाही. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांची व्यापाऱ्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. अशांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. तथापि, खोट्या नोंदी आहेत म्हणून नोंदवहीच जाळायची, हा न्याय कुठला? यात पहिला बळी जाईल तो खऱ्या कष्टकऱ्याचाच.

आज तर हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा आहे. मोबाईलवर मागवलेले जेवण घेऊन धापा टाकत जिना चढणारा तरुण हा नव्या काळातला हमालच नव्हे काय? त्यालाही काम देणारे अनेक, पण मालक म्हणवून घ्यायला कोणी तयार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याणशुल्क अशी त्याची रचना आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याशी तिचे नाते लपत नाही.

कायदे सरकारने करायचे, हे खरे. पण घरात आणि सोसायटीत मालक आपणच असतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला भरपगारी सुटी देतो का? सर्वात कमी रकमेची निविदा मंजूर करताना रखवालदाराच्या हाती किती पडणार, हे विचारतो का? स्वस्ताई सर्वांनाच हवी असते. ती कोणाच्या पाठीवरून आली, एवढे पाहण्याची सवय आधी आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.