रांगेचा भाव

रांग या विषयावर बोलण्याचा अधिकार बँकेच्या कारकुनाइतका कुणालाच नाही. आयुष्यभर आम्ही रांगेची पुढची बाजू पाहत आलो आहोत. म्हणून सांगतो, पंढरपूरच्या रांगेला कृपा करून हात लावू नका.

आमच्या ओळखीत काही हिशेबी मंडळी आहेत. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची रांग पार गोपाळपूर रस्त्याला लागते, माणसं वीस-वीस तास उभी राहतात. त्यावर यांचा तोडगा असा की, ज्याला घाई असेल त्याच्याकडून रोख पैसे घ्यावेत आणि त्याला पुढे सोडावं. देवस्थानाला उत्पन्न, गिऱ्हाइकाला सोय! ‘‘इतर क्षेत्रांत घेतातच की!’’ घेतात ना. घेऊ देत.

मीही बी. कॉम. झालो आहे. मागणी-पुरवठा मलाही पाठ आहे. पण तो पंढरपुरात सगळीकडे चालत नाही. तुळशीच्या माळेचंच घ्या. दुकानात ती चार पैशांत मिळते. पण तीच देवाच्या पायाला लावून, जाणत्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात पडली, की मटण सुटतं, एकादशी लागते आणि वारी चुकवता येत नाही. एवढा महाग माल इतका स्वस्त दुसरीकडे दाखवा! आणि ती गळ्यातली माळ कुणी पुन्हा विकून दाखवावी! चुरमुरे-बत्तासे तर गावच्या वाण्याकडेही मिळतात. पण पंढरीहून आले की त्यांचा प्रसाद होतो. शेजारणीच्या हातावर तीन चुरमुरे पडतात आणि वजनात मारलं म्हणून ती तक्रार करत नाही.

मॅलिनोव्स्की नावाच्या अभ्यासकानं ट्रोब्रियांड बेटांवर राहून १९२२ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. तिथले लोक होड्यांतून शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं आणि कंकणं उलट दिशेनं बेटोबेटी पोचवायचे. या देवघेवीत घासाघीस करायची नाही आणि आलेली वस्तू कायमची ठेवूनही घ्यायची नाही. घासाघीस करायची ती रोजच्या मालाची, आणि तिला नावही वेगळं. मानाच्या देवघेवीत कुणी बाजारी वागला, तर लोक त्याला नावं ठेवायचे. ज्यांना साहेब रानटी समजत होता, त्यांना कळत होतं की भाव दोन असतात आणि ते एका वहीत मांडायचे नसतात.

आपल्या भाषेनं तर दोहोंना शब्दही एकच दिला, ‘भाव’! पंढरपुरात बुक्क्याचा भाव करा, घोंगडीचा करा, कुणी हरकत घेणार नाही. रांगेचा मात्र करू नका. दिवसाचे चोवीस तास हे एकच चलन शेठजीला आणि ऊसतोड मजुराला सारखं मिळालेलं आहे. आज तो मजूर वीस तास उभा राहतो तो विठोबासाठी. तुम्ही तिकीट काढलंत, की उद्यापासून तो पैसे नाहीत म्हणून उभा राहील. पाय तेच दुखतील, पण वारीची शिक्षा झालेली असेल.

आणि खरोखरच घाई असलेल्यांची सोय फार पूर्वीपासून आहे. मुखदर्शन घ्या, नामदेव पायरीशी डोकं टेका, तेही नाही जमलं तर कळसाला हात जोडा आणि गाडी पकडा. हजारो वारकरी तेच करतात आणि आपली वारी कमी भरली असं त्यांना वाटत नाही.

पुंडलिकानं वीट भिरकावून ‘थांब’ म्हटलं, तेव्हा देवानं वशिला शोधला नाही, की त्याच्या हातावर काही ठेवलं नाही. तो मुकाट्यानं उभा राहिला, अजून उभा आहे. अशा देवाच्या दारात न थांबण्याचं तिकीट विकणार, ते कुठल्या तोंडानं?