पोटगीच्या काट्यातला पासंग

गावोगावच्या पंचांनो, हा लेख आम्ही तुम्हांस उद्देशून लिहीत आहो, आणि पहिला दोष स्वतःच्या पदरी घेऊन लिहीत आहो.

चार वर्षांमागे आमच्या गावी देवळाच्या पारावर एका सुताराच्या घरची काडीमोड झाली. मास्तरांचे अक्षर बरे म्हणून कागद लिहिण्यास आम्हांस बोलाविले. नवरा कित्येक वर्षे तालुक्याच्या गावी दुसरी बाई ठेवून राहत होता. ही गोष्ट शेंबड्या पोरासही ठाऊक. तरी त्याने पंचांपुढे उभे राहून सांगितले की, माझी बायको गिरणीवाल्याशी हसून बोलते. साक्षीदार नाही, पुरावा नाही. पंचांनी माना डोलाविल्या आणि आम्ही लिहिले : "बाईचे वर्तन शुद्ध नसल्यामुळे तिचा पोटगीवर हक्क राहिला नाही." ती आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. आम्ही गिरवून घेतलेल्या अक्षरांनीच तिने त्या कागदावर सही केली! आज ती दोन लेकरांसह भावाच्या दारी राहते आणि दुसऱ्याच्या कांद्यात खुरपते. नवरा मात्र जत्रेत मानाचा विडा घेतो.

वाचकहो, हा कोठला न्याय? काट्यात पासंग ठेवून माप मारणाऱ्या दुकानदारास आपण लबाड म्हणतो. मग हा तोल आपण कोणत्या तोंडाने खरा म्हणावा?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. पूर्वी फौजदारी संहितेचे १२५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आले आहे. बायको व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी नाही, असे त्यात आहे खरे. पण शब्द 'राहत असेल' असा आहे, तो विसरू नका. एखाद्या वेळी पाय घसरला तरी तेवढ्याने पोटगी बुडत नाही. असे वागणे सतत चालू असले पाहिजे, असाच अर्थ न्यायालयांनी लाविला आहे. आणि ते शाबीत करण्याचा भार आरोप करणाऱ्या नवऱ्यावर आहे. मग गिरणीवाल्याशी बोलणे हा व्यभिचार कोणत्या शास्त्रात बसतो? पीठ काय मुक्याने दळून आणावे?

उलट नवऱ्याने दुसरी बाई ठेविली किंवा दुसरे लग्न केले, तर त्याच्याजवळ न राहण्यास बायकोला ते पुरेसे कारण आहे, आणि वेगळी राहूनही ती पोटगी मागू शकते. हिंदु विवाह कायदा १९५५ चा आहे. त्याच्या २५ व्या कलमान्वये घटस्फोटानंतर पोटगी ठरते, तेव्हा दोघांचे उत्पन्न आणि दोघांचेही वर्तन पाहण्याची न्यायालयास मुभा आहे. कायद्याने दोघांचे वर्तन पाहावे आणि आपण पारावर बसून एकटीचेच पाहावे, हा आपला शहाणपणा!

कोणी म्हणेल, मास्तर बदफैलीची वकिली करू लागले. मुळीच नाही. जी बाई खरोखर दुसऱ्याचा संसार थाटून राहिली, तिने पहिल्याकडे पोटगी मागू नये, हे आम्हांसही मान्य आहे. पण पोटगी म्हणजे पातिव्रत्याचे बक्षीस नव्हे. तिने त्या घरी पेरणी केली, जनावरे राखली, सासूचे दुखणे काढले. त्या घामाचा मोबदलाही ती मागत नाही, दोन वेळची भाकर मागते. आणि आईवर काहीही आळ असो, लेकरांचा हक्क वेगळा आहे. तो आईच्या वर्तनावर टांगलेला नाही. आमच्या कागदात तर लेकरांचे नावसुद्धा नव्हते!

स्त्रियांवर लादिलेले दोष पुरुषांत नाहीत काय, असा सवाल बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकात १८८२ साली केला, आणि जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या सवालास आता जवळजवळ दीड शतक होत आले. जोतीरावांच्या तसबिरीस हार घालणारे आपण पारावर बसलो की तो सवाल विसरतो.

काडीमोडीचा कागद झाला म्हणजे घटस्फोट झालाच, असेही समजू नका. जातीत तशी रूढी खरोखर चालत आलेली असेल तरच कायदा ती मानतो, आणि ती कोर्टात शाबीत करावी लागते. पोटगी सोडल्याचा कागद पंचांनी करून घेतला, तरी तेवढ्याने बाईस कोर्टाचे दार बंद होत नाही. ती जेथे राहते तेथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा कुटुंब न्यायालयात तिला अर्ज करता येतो. वकिलास पैसे नाहीत म्हणून कोणी बहिणीने घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जावे. रक्कम पाचशेच्या वर मिळत नाही, असे अजूनही कोणी सांगतात. ती मर्यादा २००१ सालीच गेली.

गेल्या महिन्यात आम्ही त्या बाईच्या भावाकडे गेलो आणि हे सारे तिला सांगितले. तिचा अर्ज दाखल झाला आहे. निकाल व्हावयाचा आहे. तो कागद आमच्या हातचा असून पुराव्यावाचून लिहिला होता, हे कोर्टात शपथेवर सांगण्यास आम्ही तयार आहो. गावात काही मंडळींनी आमच्याशी रामराम टाकला आहे. टाकोत बापडे! पुराव्यावाचून कोणा लेकीबाळीच्या वर्तनावर आमच्या हातून यापुढे एक ओळही लिहिली जाणार नाही. पंचांनो, तुम्हीही त्या कागदाखाली सह्या केल्या आहेत. साक्षीस येता काय?