परतीचे तिकीट

1984 साली आलेल्या ‘स्प्लॅश’ या चित्रपटाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नायकापुढे एकच प्रश्न उरतो. लष्कर मागावर आहे, जलपरी मॅडिसन पाण्यात उतरली आहे आणि ती ॲलनला बजावते की माझ्यासोबत आलास तर पुन्हा माघारी येता येणार नाही. फळे-भाजीचा घाऊक धंदा, भाऊ, शहर असे सगळे सोडून तो उडी मारतो. टॉम हँक्स आणि डॅरिल हॅना यांना घेऊन रॉन हॉवर्डने केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत जवळपास 7 कोटी डॉलर कमावले, पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळवले आणि डिस्नेने मोठ्यांच्या चित्रपटांसाठी सुरू केलेल्या ‘टचस्टोन’ या शाखेचा मुहूर्तही त्याच्याच हातून झाला. चार वर्षांनी, मे 1988 मध्ये, डिस्नेने ‘स्प्लॅश, टू’ ही पुढची कथा दोन भागांत टीव्हीवर दाखवली. तिच्यात ॲलन आणि मॅडिसन एका निर्जन बेटावर राहत असतात आणि तिथून न्यूयॉर्कला परततात. कसे? असेच. परतता येणार नव्हते, ही गोष्ट कथेला फारशी आठवतच नाही.

हा उत्तरभाग फसला याबद्दल कोणाचे दुमत नसते. वाद असलाच तर कारणांचा आहे. नेहमी दिले जाणारे कारण नटांचे. हँक्स नाही, हॅना नाही, जॉन कँडीही नाही. त्यांच्या जागी टॉड वेअरिंग, एमी यास्बेक आणि डोनोव्हन स्कॉट. (त्याच उन्हाळ्यात हँक्सचा ‘बिग’ झळकत होता, त्यामुळे बदली नायकाची अवस्था आणखीच केविलवाणी झाली.) दुसरे कारण पैशाचे, आणि त्यात तथ्य आहे, पण ते जरा वेगळ्या ठिकाणी. मूळ चित्रपट संपता संपता समुद्राच्या तळाशी एक नगरी ओझरती दिसते. पुढची खरी गोष्ट त्या नगरीत होती: भाजीबाजारात वाढलेला माणूस तिथे काय करणार, कोणाशी बोलणार, तिथे त्याची किंमत काय? पण पाण्याखालचे चित्रण टीव्हीच्या खर्चात बसणारे नव्हते. म्हणून दोघांना जमिनीवर आणले, धंदा अडचणीत आहे असे निमित्त काढले, मॅडिसनला गृहिणी केले आणि प्रयोगशाळेतून डॉल्फिन सोडवण्याची धावपळ जोडून दिली. पैसे कमी पडल्याने दृश्ये गरीब झाली असती तर प्रेक्षकाने चालवून घेतले असते. इथे पैशाच्या टंचाईने कथेची अटच मोडली, आणि माझ्या मते खरे नुकसान ते आहे.

अद्भुत प्रेमकथा अटीवर उभी असते. शंतनूला गंगा मिळते ती कधीही जाब न विचारण्याच्या अटीवर; तो जाब विचारतो आणि ती जाते. साध्या प्रेमकथेत आईवडील, पैसा, प्रतिष्ठा असे अडथळे असतात आणि त्यांच्याशी तडजोड होऊ शकते. जलपरी, अप्सरा किंवा भूत यांच्यावर जीव जडला तर दोन जगांपैकी एक सोडावे लागते. ते सोडणे हेच अशा कथेतल्या प्रेमाचे एकमेव माप असते, कारण इतर सगळे जादूने मिळू शकते. ॲलनला हवे तेव्हा परत येता येणार असेल तर त्याची ती उडी म्हणजे सुट्टीवर जाणे झाले. पुढच्या भागातला हा बदल आधीच्या भागातल्या त्यागावरही पाणी फिरवतो.

यावर कोणी म्हणेल की टीव्हीवर राग काढण्यात अर्थ नाही, अद्भुत विनोद टीव्हीनेही उत्तम केला आहे. मान्य. ‘बिविच्ड’ ही मालिका 1964 ते 1972 अशी आठ वर्षे चालली. तिच्यातही अट आहे: जादूगार बायकोने जादू करायची नाही. पण ही अट दर भागात मोडण्यासाठीच रचलेली आहे, आणि भाग संपता संपता घर पुन्हा होते तसे होते. ‘आय ड्रीम ऑफ जिनी’मध्ये पाचव्या पर्वात जिनी आणि तिच्या मालकाचे लग्न लावून दिले, आणि ते पर्व शेवटचे ठरले. मालिकेला उघडझाप होणारे दार लागते, चित्रपटाला कायमचे बंद होणारे. एकाचे दार दुसऱ्याच्या चौकटीत बसवायला गेले की ‘स्प्लॅश, टू’ तयार होतो.

नट आणि पैसा हीच अडचण असती तर 2022 चा ‘डिसएन्चँटेड’ जमायला हवा होता. ‘एन्चँटेड’ (2007) चा हा उत्तरभाग थेट डिस्नेच्या स्ट्रीमिंग वाहिनीवर आला. म्हणजे आजचा टीव्हीच. एमी ॲडम्स तीच, पॅट्रिक डेम्पसी तोच, गाणी अ‍ॅलन मेंकन आणि स्टीफन श्वार्ट्झ यांचीच. त्यातली एक कल्पना तर खरोखर चांगली आहे: परीकथेसारखे आयुष्य मागणारी जिझेल स्वतःच परीकथेतली दुष्ट सावत्र आई होऊ लागते. ॲडम्सने तो बदल मजेत रंगवला आहे. तरीही चित्रपट निसटतो. पहिल्या भागात जिझेलने आपले परीकथेतले जग सोडून न्यूयॉर्क निवडले होते. इथे त्या जगातले लोक अंगणातल्या विहिरीतून पाहुण्यांसारखे ये-जा करतात, भेट म्हणून इच्छा पुरवणारी छडी देतात आणि शेवटी सगळे पूर्ववत होते. जिझेलला निवडीचा पश्चात्ताप होतो, हा विषय मोठ्या वयाच्या प्रेक्षकाला थेट भिडणारा होता. छडीने तो दोन तासांत मिटवला.

एक हरकत मात्र वजनदार आहे. कथा बदलत आल्या आहेत, मग अट इतकी पवित्र का मानायची? पुरूरवा-उर्वशीची जुनी गोष्ट विरहाची. कालिदासाने ‘विक्रमोर्वशीय’मध्ये ती गोड केली. तिथेही अट आहे की राजाने मुलाचे तोंड पाहिले की उर्वशीने स्वर्गात परतायचे, आणि तिथेही ती अखेर सैल होते. पण केव्हा? राजा राज्य मुलाला देऊन वनात निघण्याच्या तयारीत असतो तेव्हा. आणि का? देव-दानवांचे युद्ध येऊ घातले आहे, इंद्राला त्याचे शस्त्र हवे आहे, म्हणून नारद निरोप घेऊन येतात. म्हणजे किंमत आधी पुढे ठेवली जाते, सवलत मागून मिळते आणि तीही देवाच्या गरजेपोटी. ‘स्प्लॅश, टू’मधल्या बेटावरून ॲलन आणि मॅडिसनला परत पाठवणाऱ्याला नेमके काय हवे होते, ते कथेत सापडत नाही. ते वाहिनीच्या रविवारच्या वेळापत्रकात सापडते.